सिंहगडची रात्र : बखर, पोवाडा आणि कादंबरी

शाळांना सुटी लागली कीं सुशिक्षित घरांत एक प्रश्न हटकून निघतो. मुलांच्या हातीं ऐतिहासिक कादंबऱ्या द्यावयाच्या त्या कोणत्या? वडील माणसें आपल्या बाळपणीं वाचलेलीं नांवें मोठ्या प्रेमानें सांगतात, आणि तेवढ्यांत घरांतला कोणी चिकित्सक शंका काढतो कीं, या पुस्तकांत इतिहास किती आणि कल्पना किती, हें मुलांना कळणार कसें? शंका रास्त आहे. परंतु 'सारें खरें' किंवा 'सारें खोटें' अशा दोन शब्दांत तिचा निकाल लागण्यासारखा नाहीं. त्यापेक्षां एकच प्रसंग हातीं घ्यावा, आणि तो बखरकाराच्या लेखणींतून शाहिराच्या डफावर, डफावरून कादंबरीकाराच्या कागदावर आणि तेथून चित्रपटाच्या पडद्यावर कसकसा गेला, हें शांतपणें पाहावें. मराठींत असा प्रसंग धुंडाळावयास लांब जावें लागत नाहीं. पुण्याच्या नैर्ऋत्येस जो उंच डोंगर उभा आहे, त्या सिंहगडावरील १६७० सालची एक रात्र या कामास पुरेशी आहे.

ती रात्र उजाडण्यापूर्वींचा इतिहास थोडक्यांत असा. १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरच्या पायथ्याशीं मिर्झा राजे जयसिंग आणि शिवाजीमहाराज यांच्यामध्यें तह झाला. त्या तहानें तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख उरला. गेलेल्या किल्ल्यांत कोंडाणा होता. या गडानें महाराजांस पूर्वींही चटका दिलेला होता. १६४९ सालीं शहाजीराजांची सुटका व्हावी म्हणून तो विजापूरकरांस परत करावा लागला होता. पुढें तो पुन्हां हातीं आला, आणि १६६३ च्या अखेरीस जोधपूरच्या जसवंतसिंगानें त्यास वेढा घातला असतां गडानें दाद दिली नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यांत जसवंतसिंगास वेढा उठवून हात हलवीत परतावें लागलें. अशा रीतीनें जो लढून गेला नाहीं तो तहांत गेला. त्या गडावरून पुण्याचा मैदानी मुलूख, मुठेचें खोरें आणि शिवापुराकडील रस्ता एका नजरेंत येतो. तो मोगलांकडे असेपर्यंत महाराजांस आपल्या वडिलोपार्जित जहागिरींत निर्वेधपणें वावरतां येणें शक्य नव्हतें.

१६६६ सालीं आग्र्याहून सुटका झाल्यावर महाराजांनीं तीन वर्षें मोठ्या धीरानें काढलीं. मोगलांशीं वरकरणी सलोखा ठेवला आणि राज्याची घडी बसविली. १६६९ च्या अखेरीस तो सलोखा मोडला, आणि नवीन वर्ष लागतांच गेलेले गड परत घेण्याचा उद्योग सुरू झाला. त्यांत पहिला मोठा घाव कोंडाण्यावर पडला. तिथि होती माघ वद्य नवमी, शके १५९१. इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीस चंद्र उगवावयास मध्यरात्र उलटावी लागते. तोंवर सारा अंधार. गड घेणाऱ्यानें तिथि पाहून काम काढलें होतें हें पंचांगावरूनच दिसून येतें, आणि एवढी साधी गोष्ट बहुतेक कथाकारांच्या ध्यानांत आलेली नाहीं.

या रात्रीची हकीकत सांगणारें जुनें मराठी लेखन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद याची बखर. सभासद हा राजाराममहाराजांच्या पदरचा मनुष्य. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जिंजीस असतां त्यानें ही बखर लिहिली. म्हणजे घटना घडून पुरतीं तीस वर्षेंही झालेलीं नव्हतीं, आणि त्या काळचीं माणसें अद्याप हयात होतीं. त्याचा वृत्तांत एखाद्या पानांत बसेल एवढाच आहे. तानाजी मालुसरा हा मावळ्यांचा हजारी. त्यानें गड घेण्याचें पत्करलें, पांचशें माणसें निवडून घेतलीं, आणि रात्रीं तो गडाखालीं जाऊन पोंचला. तेथें त्यानें दोघे मर्दाने मावळे वेंचून काढले आणि त्यांस कड्यावर चढविलें. ते वानरांसारखे चढून गेले. वर जाऊन त्यांनीं दोराची शिडी सोडली, आणि तिच्यावरून तानाजीसुद्धां तीनशें माणूस गडावर आला.

पुढें गडावर हांक झाली, मशाली पेटल्या आणि रजपूत धांवून आले. गडाचा किल्लेदार उदेभान स्वतः तानाजीवर चालून गेला. तानाजीची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाहीं. तेव्हां त्यानें डावा हातच ढालीसारखा पुढें केला आणि त्यावर वार झेलीत तो लढला. दोघेही शूर, दोघेही इरेस पेटलेले, आणि दोघेही जागच्या जागीं पडले. सभासद या दोघांस एकाच तराजूंत तोलतो, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शत्रूकडील वीरास उणा शब्द तो लावीत नाहीं. सरदार पडला हें पाहून मावळे डगमगले असतील, पण तानाजीचा भाऊ सूर्याजी यानें हिंमत धरून लोक सांवरले आणि गड घेतला. पागेला आग लावून राजगडाकडे खूण करण्यांत आली. ती ज्वाळा पाहून महाराजांनीं गड फत्ते झाल्याचें ओळखलें. परंतु दुसऱ्या दिवशीं तानाजीची वार्ता आली. त्या वेळचे महाराजांचे म्हणून जे उद्गार सभासदानें दिले आहेत, त्यांत सिंह कोठेंही नाहीं. एक गड मिळाला आणि एक गड गेला, एवढाच त्यांचा भाव आहे. माणसाला गडाची उपमा! ज्या राजाचें सारें राज्य गडांवर उभें होतें, त्याच्या तोंडीं याहून मोठी प्रशंसा शोभली नसती. सिंहाची उपमा अधिक झळझळीत आहे हें खरें, पण ती कोणाही शूराला लागू पडते. गडाची उपमा मात्र शिवाजीनेंच द्यावी आणि तानाजीसच मिळावी अशी आहे.

येथें गडाच्या नांवाविषयींही एक खुलासा झाला पाहिजे. तानाजीच्या पराक्रमामुळें कोंडाण्याचें नांव सिंहगड पडलें, अशी समजूत घरोघर रुजलेली आहे. परंतु तानाजी पडण्यापूर्वीं सात वर्षें, म्हणजे १६६३ सालच्या शिवकालीन पत्रांत 'सिंहगड' हें नांव आलेलें आहे. नांव आधींचें, कथेनें तें मागाहून तानाजीस वाहिलें. लोकांनीं ही चूक मोठ्या प्रेमानें केली आहे. तरी चूक ती चूकच.

आतां शाहिराकडे वळावयाचें. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा महाराष्ट्रांत पिढ्यानपिढ्या गायिला गेला. ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यामुळें तो छापील रूपानें सुशिक्षितांच्या हातीं आला. पुढें १८९४ सालीं ॲकवर्थनें इंग्रजी पद्यांतही अशा पोवाड्यांचें भाषांतर केलें. बखर वाचून मग पोवाडा ऐकावा म्हणजे एकाच घटनेचीं दोन रूपें किती भिन्न असूं शकतात याची कल्पना येते. पोवाड्यांत कथेचा उगम पुरंदरच्या तहांत नाहीं. तो जिजाबाईंच्या इच्छेंत आहे. त्या प्रतापगडावर असतां त्यांची दृष्टि कोंडाण्याकडे जाते, त्या महाराजांस बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, डाव जिंकतात आणि पैजेंत कोंडाणा मागतात. इकडे तानाजीच्या घरीं मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची धांदल चाललेली. तेवढ्यांत बोलावणें येतें, आणि आधीं लग्न कोंडाण्याचें ठरतें. ऐंशी वर्षांचा शेलारमामा बरोबर निघतो. पांचशें माणसांच्या जागीं बारा हजारांची फौज चालूं लागते. गडावरचा उदेभान तर माणूस राहातच नाहीं; त्याचा आहार राक्षसाचा, घरांत अठरा बायका, हाताखालीं सिद्दी हिलाल, दारांत चंद्रावळी हत्ती आणि पाठीशीं बारा मुलगे.

यांत शाहिराचा दोष काढणें अरसिकपणाचें होईल. पोवाडा हा मैदानांत, चव्हाट्यावर, मशालीच्या उजेडांत, डफ-तुणतुण्याच्या साथीनें शेंकडों माणसांपुढें म्हणावयाचा. तहाचीं कलमें त्या मंडळींना सांगून उपयोग काय? परंतु आईनें मुलाजवळ हट्ट धरावा हें प्रत्येक श्रोत्यास कळतें. घरांतलें लग्न टाकून धन्याच्या कामास जावें लागणें म्हणजे काय, हें शेतकरीही जाणतो आणि शिपाईही जाणतो. रायबाचें लग्न इतिहासांत घडलेलें असो वा नसो, तानाजीनें काय पणास लावलें तें त्या लग्नावांचून श्रोत्यांच्या काळजास भिडलें नसतें. राजकारणाचें रूपांतर घरगुती नात्यांत करणें ही शाहिराची हातोटी आहे. आणि महाराष्ट्रांतील निरक्षर लोकांनीं शिवकाल जो जिवंत ठेवला तो मुख्यतः तिच्या बळावर.

मग घोरपड येते. यशवंती या नांवानें ती आज प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. तिच्या कमरेस दोर बांधून तिला कड्यावर सोडतात, ती अर्ध्यावरून परत फिरते, तो अपशकुन वाटतो, तानाजी तिला मारून खाण्याची धमकी देतो, आणि मग ती चढून जाऊन कड्याला घट्ट चिकटते. प्रसंग अत्यंत रंगतदार आहे यांत संशय नाहीं. घोरपड खडकाच्या भेगेंत नखें रुतवून बसली म्हणजे ओढून निघत नाहीं हेंही खरें. परंतु चार-सहा शेर वजनाच्या जनावराच्या आधारावर तीनशें सशस्त्र माणसें कडा चढून गेलीं, ही गोष्ट डोंगरांत वावरलेल्या मनुष्यास पटणें कठीण. सभासदास घोरपड माहीत नाहीं. त्याच्या बखरींत तिच्या जागीं आहेत ते दोघे मावळे.

या चर्चेचें सारें मर्म येथेंच आहे. कथेंत भर पडते तिची सर्वजण दखल घेतात. भर पडतांना कथेंतून काय निघून जातें तें मात्र कोणी पाहत नाहीं. घोरपड आली आणि ते दोन मावळे नाहींसे झाले. काळोख्या रात्रीं, दोर नाहीं, आधार नाहीं, वर शत्रूचा पहारा जागा कीं निजलेला हें ठाऊक नाहीं, अशा स्थितींत उघड्या कड्यास हात घालून जे पहिल्यानें वर गेले, त्यांचीं नांवें सभासदानेंही दिलेलीं नाहींत. निदान ते होते एवढें तरी त्यानें लिहून ठेवलें. पुढच्या कथेंत तेवढेंही राहिलें नाहीं. त्यांच्या वांट्याचा पराक्रम एका मुक्या जनावराच्या नांवावर चढला. बारा हजारांची फौज आली आणि पांचशें माणसांचें धाडस झांकलें गेलें. आईचा हट्ट आला आणि तीन वर्षें वाट पाहून, तिथि साधून, तह मोडण्याची वेळ निवडणारा मुत्सद्दी राजा मागें सरला. उदेभान राक्षस झाला, आणि त्याबरोबर तानाजीच्या तोलाचा प्रतिस्पर्धी नाहींसा झाला. राक्षसास मारण्यांत कसली आली आहे बरोबरीची झुंज?

इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ यानें १८२६ सालच्या आपल्या ग्रंथांत ही लढाई थोडक्यांत सांगितली आहे. परतीचे दोर नाहींसे झाले आहेत असें सांगून सूर्याजीनें पळत्या मावळ्यांस फिरविलें आणि बापाचें प्रेत टाकून जातां काय म्हणून त्यांस लाज आणली, ही हकीकत त्याच्याकडे आहे. शाळेच्या पुस्तकांतून तीच पुढें रूढ झाली. सभासदाच्या 'लोक सांवरले' या त्रोटक मजकुराशीं ती विसंगत नाहीं; एवढें म्हणून पुढें जावें.

कादंबरीचा प्रकार याहून निराळा. ऐतिहासिक कादंबरी या साहित्यप्रकाराचा जनक म्हणून स्कॉटलंडच्या सर वॉल्टर स्कॉटचें नांव घेतात. १८१४ सालीं त्याची 'वेव्हर्ली' निनांवी प्रसिद्ध झाली. खऱ्या राजांना कथेच्या कडेला ठेवावें, एखादा कल्पित तरुण मध्यभागीं आणावा, आणि त्याच्या डोळ्यांनीं वाचकास मोठ्या घडामोडींत हिंडवावें, ही युक्ति त्याची. मराठींत १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनीं 'मोचनगड' लिहून या वाटेवर पहिलें पाऊल टाकलें. गड कल्पित, नायक कल्पित, आणि काळ मात्र शिवाजीचा. पण या वाटेचा राजमार्ग केला तो हरि नारायण आपटे यांनीं. १८६४ सालीं जन्मलेल्या हरिभाऊंनीं १८९० मध्यें 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि तें १९१७ पर्यंत चाललें. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यांत क्रमशः येत. दर आठवड्यास वाचकाचा जीव टांगणीस लावून प्रकरण संपवावयाचें आणि पुढल्या अंकाची त्यास वाट पाहावयास लावावयाची, ही त्या व्यवसायाची गरज होती. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील भुयारें, वेषांतरें, अनोळखी घोडेस्वार आणि लांबलेलीं संभाषणें यांवर टीका करणारांनीं ही गरज विसरूं नये.

'उषःकाल' ही त्यांची शिवकालीन कादंबरी १८९५ ते १८९७ या काळांत निघाली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला १८९८ सालीं. म्हणजे जुन्या दप्तरांतील पत्रांचा ओघ सुरू होण्याच्या आधींच हरिभाऊंनीं हें काम केलें. कांहीं छापील बखरी, ग्रँट डफ, आणि लोकांच्या तोंडच्या गोष्टी एवढ्या भांडवलावर त्यांना तो काळ उभारावा लागला. असें असूनही सुलतानगडच्या किल्लेदाराच्या घरांतील पेंच, म्हणजे बाप आदिलशाहीचा इमानी चाकर आणि मुलाचें मन नव्या स्वराज्याकडे ओढलेलें, हा त्यांनीं असा रंगविला आहे कीं, त्या पिढींत घराघरांतून काय घालमेल झाली असेल तें एखाद्या शुष्क इतिहासग्रंथापेक्षां तेथें अधिक कळतें. तपशील कल्पित आहे. पेंच खरा आहे. ऐतिहासिक कादंबरीनें द्यावयाचें तें हेंच.

'गड आला पण सिंह गेला' ही त्यांची कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभींची. पोवाड्यांतला शेलारमामा, रायबा हे सारे तिच्यांत आहेतच. शिवाय एक नवीन व्यक्ति येते. सती जावयास निघालेली कमलकुमारी ही रजपूत स्त्री उदेभानाच्या तावडींत सांपडते आणि कोंडाण्यावर त्याच्या बंदींत पडते. तिच्या सुटकेचा प्रश्न गड घेण्याच्या प्रश्नाशीं जोडला जातो. सभासदाच्या बखरींत तिचा मागमूस नाहीं. ती हरिभाऊंच्या कल्पनेची कन्या होय.

परंतु तिला उगाच घुसडलेली नायिका म्हणून झटकून टाकणें बरोबर होणार नाहीं. 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून विधवेचें दुःख ज्यांनीं मराठी वाचकांपुढें उघडें करून मांडलें, त्याच लेखकाच्या हातची ही कमलकुमारी आहे. नवरा गेलेली, चितेकडे निघालेली, जगण्यामरण्याचा निर्णय दुसऱ्यांच्या हातीं असलेली स्त्री! सतराव्या शतकांतील कोंडाण्यापेक्षां एकोणिसाव्या शतकांतील पुण्याच्या वाड्यांशीं तिचें नातें अधिक जवळचें आहे. लेखक ज्या काळांत राहतो त्याची चिंता त्याच्या ऐतिहासिक कादंबरींत शिरतेच, आणि ती कोठें शिरली हें ओळखणें हा अशा वाचनांतला एक मोठा लाभ असतो. कमलकुमारीनें नुकसान केलें तें निराळ्या ठिकाणीं. ती आल्यावर उदेभान शाहिराच्या राक्षसाऐवजीं स्त्रीलंपट खलपुरुष झाला. म्हणजे पोवाड्यानें हिरावलेली त्याची वीरश्री कादंबरीनेंही परत दिली नाहीं. आणि गड घ्यावयाचा तो एका अबलेस सोडविण्यासाठीं, असा भास झाल्यानें पुरंदरच्या तहाची सल आणखीच दूर गेली.

कादंबरीचा जोर एवढा कीं पुढील कलांनीं बखरीकडे वळून पाहिलें नाहीं. १९२३ सालीं बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 'सिंहगड' हा मूकपट काढला तो याच कादंबरीवरून. शेलारमामाची भूमिका त्यांत तरुण शांतारामांनीं केली होती. त्याच शांतारामांनीं १९३३ सालीं प्रभात कंपनीचा 'सिंहगड' हा बोलपट दिग्दर्शित केला, आधार तोच. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनीं, २०२० मध्यें, 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट साऱ्या देशांत गाजला, आणि त्यांतही उदेभानानें पळवून आणलेली विधवा रजपूत राजकन्या आहे, नांवही कमल. 'करमणुकी'च्या वाचकांचा जीव टांगणीस लावण्यासाठीं निर्मिलेली स्त्री शतक उलटून गेल्यावर कोट्यवधि प्रेक्षकांस इतिहासांतील व्यक्ति वाटूं लागली. कादंबरीकाराच्या यशाची याहून मोठी पावती नाहीं. ते दोन मावळे मात्र पडद्यावर कोणाला आठवत नाहींत.

मग या कादंबऱ्या मुलांना देऊं नयेत काय? जरूर द्याव्या. पण पुस्तक निवडतांना आणि देतांना थोडा विवेक असावा. हरिभाऊंपासून आरंभ करावयाचा तर 'उषःकाल' आधीं द्यावी आणि 'गड आला पण सिंह गेला' मागाहून; कारण पहिलींत कल्पित माणसें कल्पित म्हणूनच वावरतात, दुसरींत तीं खऱ्यांच्या खांद्यास खांदा लावून उभीं असल्यानें भेद करणें कठीण पडतें. विजयनगरच्या अखेरीवरील 'वज्राघात' ही प्रौढ वाचकांची. नाथमाधवांची स्वराज्यमाला बारा-चौदा वर्षांच्या मुलांना अजून खिळवून ठेवते. खुद्द नाथमाधव तरुणपणीं शिकारीच्या नादांत सिंहगडच्या कड्यावरून पडून जन्माचे अपंग झाले आणि त्यानंतर लेखनाकडे वळले, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही कथानकाइतकी विलक्षण आहे. त्यांचा 'वीरधवल' ही तर शुद्ध अद्भुतकथा. तिला इतिहासाचा दावाच नसल्यानें ती निर्धास्तपणें हातीं द्यावी. हडपांच्या 'कादंबरीमय पेशवाई'चे खंड पुष्कळ आहेत. ज्यास फुरसत असेल त्यानें ते क्रमानें वाचावे.

स्वातंत्र्यानंतरच्या लेखकांनीं कागदपत्रांचा आधार अधिक घेतला. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ सालीं आली आणि थोरल्या माधवरावांच्या अल्प आयुष्याचें चित्र मराठी घरांत कायमचें लागलें. ना. सं. इनामदारांची १९७२ ची 'राऊ', शिवाजी सावंतांची १९७९ ची 'छावा', विश्वास पाटलांची १९८८ ची 'पानिपत', हीं नांवें आतां सर्वतोमुखीं आहेत. यांत 'पानिपत' मोहिमेचा आवांका, रसद, उपासमार आणि सरदारांची रुसवेफुगवी बारकाईनें मांडते, म्हणून इतिहासाची गोडी लावण्यास ती विशेष उपयोगी. 'स्वामी'चें सामर्थ्य शनिवारवाड्याच्या अंतर्गृहांत आहे. 'छावा'ची भाषा अतिशय भारदस्त आणि आवेशपूर्ण आहे. कित्येकदां ती व्यक्तीपेक्षां मोठी होते.

पण या सर्वांच्या शेजारीं, त्याच कपाटांत, सभासदाची बखर असावी. ती लहान आहे; एका सुटींत घरांतल्या वडील माणसानें मुलांस जवळ बसवून ती सहज वाचून दाखवितां येईल. भाषा जुनी, वाक्यें तुटक, फारसी शब्द मधून मधून अडतात. दोन दिवसांत कान तयार होतो. सिंहगडच्या रात्रीपाशीं आल्यावर थांबावें, आणि मुलांनाच विचारावें कीं, आपण ऐकलेल्या गोष्टींतलें येथें काय नाहीं आणि येथलें आपण पूर्वीं ऐकलेलें काय नव्हतें? घोरपड नाहीं हें त्यांच्या ध्यानांत लगेच येईल व थोडी हळहळ वाटेल. दोघे मावळे सांपडावयास किंचित् वेळ लागतो. त्यापुढें सभासद सांगतो कीं महाराजांनीं तानाजीचा अधिकार त्याच्या भावास, सूर्याजीस, दिला आणि लढलेल्या लोकांस सोन्याचीं कडीं बक्षीस दिलीं. कडीं मिळणारांत ते दोघे असतील काय, हा प्रश्न एखादें चौकस मूल विचारल्यावांचून राहणार नाहीं.

कोंडाणा आल्यानंतर सुमारें महिन्याभरानें, ८ मार्च १६७० रोजीं, निळोपंत मुजुमदार यांनीं पुरंदर घेतला. ज्या किल्ल्याच्या नांवानें तो अपमानकारक तह झाला होता, तोच हा किल्ला. मोगलांचा किल्लेदार रजीउद्दीन तेथें कैद झाला. तेथेंही कडा होता, रात्र होती, आणि पहिल्यानें वर चढणारीं माणसें होतीं.